पाण्याची घनता : तापमानानुसार होणारा बदल

पदार्थाच्या एकक घनफळात सामावलेल्या वस्तुमानास त्या पदार्थाची घनता म्हणतात. बहुतेक सर्व द्रव पदार्थ तापविले असता प्रसरण पावतात व त्यामुळे त्यांची घनता तापमानाबरोबर एकसारखी कमी होत जाते. पाणी या नियमास अंशतः अपवाद आहे. ०° से. पासून सुमारे ४° से. पर्यंत तापविले असता ते आकुंचन पावते, ३·९८° से. या तापमानास त्याची घनता महत्तम म्हणजे ९९९·९७ किग्रॅ./घ.मी. होते आणि त्यानंतर मात्र ते इतर द्रवांप्रमाणे प्रसरण पावू लागते. पाण्याच्या या वागणुकीस त्याचे असंगत प्रसरण असे म्हणतात. पाठ्यपुस्तकांत या विषयाची चर्चा गोठणाऱ्या सरोवरांच्या उदाहरणाने सुरू होते व बहुधा तेथेच संपते. नांदेड, लातूर यांसारख्या उष्ण प्रदेशांत निसर्गातील पाणी ४° से. पर्यंत कधीच थंड होत नाही. म्हणून तेथील जलाशय, विहिरी व पाणीपुरवठा यांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते घनतेच्या आलेखाच्या दुसऱ्या, चढत्या तापमानाकडील अंगाला. प्रस्तुत नोंदीत या अंगाचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

मूल्ये : वातावरणीय दाबाखाली शुद्ध पाण्याची घनता ०° से. ला ९९९·८४, १०° से. ला ९९९·७०, २०° से. ला ९९८·२१, २५° से. ला ९९७·०५, ३०° से. ला ९९५·६५, ३५° से. ला ९९४·०३ व ४०° से. ला ९९२·२२ किग्रॅ./घ.मी. असते. ६०° से. ला ती ९८३·२० पर्यंत उतरते. या आकड्यांवरून असे दिसून येईल की, घनतेतील घट सर्वत्र सारखी नाही. ४° से. व ५° से. या तापमानांच्या घनतांतील फरक अवघा ०·००८ किग्रॅ./घ.मी. आहे, २९° से. व ३०° से. यांमधील फरक मात्र ०·३० किग्रॅ./घ.मी. म्हणजे त्याच्या सुमारे ३७ पट आहे. थोडक्यात, पाणी जितके उष्ण तितका एकेका अंशाचा परिणाम अधिक. ०° से. चे पाणी व सुमारे ८° से. चे पाणी यांची घनता जवळजवळ सारखीच असते, ही गोष्टही महत्तम घनतेच्या दोन्ही बाजूंस आलेख उतरता असल्यामुळेच घडते.

पाणी गोठताना घनतेत होणारा बदल याहून कितीतरी मोठा आहे. ०° से. च्या बर्फाची घनता ९१६·७ किग्रॅ./घ.मी. असून गोठताना पाण्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फाच्या कारखान्यात लादीसाठीचे डबे काठोकाठ न भरता थोडे रिकामे ठेवतात त्याचे कारण हेच. शीतकपाटाच्या बर्फकक्षात विसरलेली काचेची भरलेली बाटली फुटते तीही यामुळेच.

इतिहास : पाणी गोठण्यापूर्वीच प्रसरण पावू लागते, हे फ्लॉरेन्स येथील आकादेमीआ देल चिमेंतो या संस्थेच्या सदस्यांच्या लक्षात आले होते व त्यांचे प्रयोग १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि काचेचे भांडेही थंडीने आकुंचन पावत असल्याने पाण्याची पातळी वर चढलेली भासते, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला जात होता. एडिंबरो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ टॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भांड्याच्या प्रसरणाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. त्यांनी एका उंच नळकांड्यात पाणी भरून त्याच्या वरच्या व खालच्या भागांत एकेक तापमापक बसविला आणि मध्यभागाभोवती गोठण-मिश्रण ठेवले. प्रथम खालच्या तापमापकाचे वाचन उतरत गेले, वरचा जवळजवळ स्थिर राहिला. कारण थंड झालेले पाणी जड होऊन तळाशी जात होते. खालचा तापमापक ४° से. च्या आसपास येताच थांबला आणि तेथपासून वरचा उतरू लागून ०° से. पर्यंत गेला. म्हणजे ४° से. खाली गेलेले पाणी हलके होऊन वर चढत होते. इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक निष्कर्ष देणारे प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

दरम्यान वजन-मापांच्या इतिहासातही या गुणधर्माला स्थान मिळाले होते. फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्यान्वये ग्रॅमची व्याख्या वितळत्या बर्फाच्या तापमानाच्या पाण्यावरून केलेली होती. प्रत्यक्ष मापन करणाऱ्या लफेव्र-झीनो व फाब्ब्रोनी यांनी १७९९ मध्ये तीऐवजी महत्तम घनतेचे तापमान स्वीकारले. हा बदल व्यावहारिक शहाणपणाचा होता. कारण त्या तापमानाजवळ आलेख जवळजवळ सपाट असल्याने तापमान मोजण्यातील लहानशी चूक घनतेत उतरत नाही. पुढे १९०१ मध्ये लिटरची व्याख्याही महत्तम घनतेच्या एक किलोग्रॅम पाण्याचे घनफळ अशी करण्यात आली. हे घनफळ १,००० घ. सेंमी. पेक्षा किंचित (०·००२८ टक्के) अधिक भरते असे आढळल्याने १९६४ मध्ये ती रद्द झाली व लिटर म्हणजे घन डेसिमीटर हे समीकरण पुन्हा रूढ झाले. किलोग्रॅमचा पाण्याशी असलेला संबंध तर त्यापूर्वीच सुटला होता. २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेला आहे.

रेणवीय स्पष्टीकरण : पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडला जाऊ शकतो. बर्फात ही जोडणी पूर्ण व नियमित असते. प्रत्येक रेणूभोवती चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर चार रेणू असतात व या मांडणीत बऱ्याच रिकाम्या जागा राहतात. एखाद्या खोक्यात वस्तू नीट रचून ठेवण्याऐवजी त्यांचा मांडव उभारावा, तशी ही पोकळ रचना असते. बर्फ वितळताना बंधांची ही चौकट अंशतः कोसळते, काही रेणू पोकळ्यांत शिरतात व पदार्थ अधिक दाट होतो. वितळल्यावरही चौकटीचे अवशेष पाण्यात टिकून असतात. तापमान वाढू लागले की दोन परस्परविरोधी क्रिया चालू होतात : उरलीसुरली पोकळ रचना मोडत गेल्याने रेणू जवळ येतात आणि त्याच वेळी त्यांची ऊष्मीय हालचाल वाढल्याने ते एकमेकांपासून दूर सरकतात. ३·९८° से. खाली पहिली क्रिया वरचढ ठरते व त्यावर दुसरी. द्रव पाण्यात अशा दोन प्रकारच्या रचना असाव्यात ही कल्पना रंटगेन यांनी १८९२ मध्ये मांडली होती. चतुष्फलकीय मांडणीचे चित्र १९३३ मध्ये बर्नाल व फौलर यांनी पुढे आणले. अतिशीतित पाण्याच्या अभ्यासामुळे या प्रश्नाची चर्चा अद्यापही चालू आहे.

दाब वाढविल्यास महत्तम घनतेचे तापमान खाली येते. क्षारांचाही परिणाम तसाच होतो. दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅ. क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याचे महत्तम घनतेचे तापमान सुमारे -३·५° से. म्हणजे त्याच्या गोठणबिंदूच्याही (-१·९° से.) खाली असल्याने समुद्राचे पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते. जड पाण्याची घनता ११·२° से. ला महत्तम असते.

शीत व उष्ण प्रदेशांतील जलाशय : काश्मीरमधील दल सरोवरासारख्या ठिकाणी हिवाळ्यात पृष्ठभाग थंड होऊ लागला की प्रथम थंड पाणी खाली जाते व सर्व पाणी ४° से. ला येईपर्यंत ही उलथापालथ चालते. त्यापुढे थंड होणारे पाणी हलके असल्याने वरच राहते व तेथेच गोठते. बर्फाचा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने खालचे पाणी द्रवरूप राहून मासे जगतात. हे सर्व सर्वश्रुत आहे.

मराठवाड्यात परिस्थिती वेगळी आहे. नांदेड हे गोदावरीच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मी. व लातूर बालाघाटच्या पठारावर सुमारे ६३० मी. उंचीवर आहे. उन्हाळ्यात नांदेडचे दिवसाचे तापमान ४२° से. च्या पुढे जाते; लातूर उंचीमुळे काहीसे सौम्य असते. हिवाळ्यातील रात्री थंड असल्या, तरी साठलेल्या पाण्याचे तापमान महत्तम घनतेच्या तापमानापासून फार वर राहते. त्यामुळे येथील जलाशयांत बाराही महिने एकच नियम चालतो : उष्ण पाणी वर, थंड पाणी खाली. या नियमाला थंडीतही उलट बाजू नाही.

मार्चपासून ऊन वाढू लागले की जलाशयाचा वरचा थर तापतो. सूर्यप्रकाशातील बहुतेक उष्णता वरच्या एकदोन मीटरांतच, पाणी गढूळ असल्यास त्याहूनही कमी खोलीत, शोषली जाते. वारा या थराला ढवळून त्याची जाडी वाढवितो. पण खालच्या जड पाण्यात त्याला सहज शिरता येत नाही. अशा रीतीने वरचा उष्ण थर, तळाचा थंड थर व त्यांच्यामधील, तापमान झपाट्याने उतरणारा संक्रमण थर असे ऊष्मीय स्तरण निर्माण होते. हे स्तरण किती टिकाऊ असते याची कल्पना एका साध्या हिशेबावरून येईल. दहा मीटर खोल पाण्यात वरच्या अर्ध्या भागाचे तापमान ३१° से. व खालच्या अर्ध्या भागाचे २६° से. असेल, तर दोहोंच्या घनतांतील फरक १·४४ किग्रॅ./घ.मी. होतो व ते पाणी पूर्ण मिसळण्यास पृष्ठभागाच्या दर चौ. मीटरमागे सुमारे १७७ जूल कार्य करावे लागते. तेवढ्याच खोलीच्या शीत प्रदेशातील जलाशयात वर १०° से. व खाली ५° से. असे तापमान असेल, म्हणजे फरक तितकाच पाच अंशांचा असेल, तर हे कार्य केवळ ३२ जूलच्या आसपास भरते. उष्ण प्रदेशात वर व खाली यांच्या तापमानांत फारसे अंतर दिसत नाही म्हणून तेथे स्तरण नसतेच, असा समज होण्याची शक्यता असते. तो बरोबर नाही. तापमापकाच्या दोन-तीन अंशांच्या फरकामागेही येथे पुरेसा घनताभेद दडलेला असतो.

खोलीचा मात्र निर्णायक परिणाम होतो. पाझर तलाव, गावतळी किंवा उन्हाळ्यात उतरलेले साठे यांत पाणी दोन-तीन मीटरच खोल असते. दिवसा वरचे पाणी तापते; रात्री कोरड्या हवेत बाष्पीभवन चालूच राहते, पृष्ठभाग थंड होतो, तेथील पाणी जड होऊन बुडते व पहाटेपर्यंत तळापर्यंत मिसळण होते. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागरासारख्या जुन्या तलावांच्या उथळ भागांत अशी रोजची उलथापालथ अपेक्षित आहे. याउलट पैनगंगेवरील इसापूर धरणासारख्या, पन्नास मीटरांहून अधिक उंचीच्या भिंतीमागील साठ्यात तळाचे पाणी उन्हाळाभर वरच्या पाण्यापासून तुटलेले राहू शकते. नांदेडजवळ असर्जन येथे गोदावरीवर बांधलेल्या विष्णुपुरी प्रकल्पाचा (शंकरसागर) जलाशय या दोहोंपेक्षा निराळा आहे. सुमारे ८० द.ल.घ.मी. चा हा साठा मुख्यतः नदीच्या पात्रातच लांबवर पसरलेला असून पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावर त्याचे पाणी पूर्णपणे बदलते. तेथील स्तरण त्यामुळे उन्हाळ्यापुरते व पात्रातील डोहांपुरते मर्यादित असणे स्वाभाविक आहे. खोल जलाशयांत सार्वत्रिक मिसळण वर्षातून एकदा, डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत होते.

पाण्याच्या गुणवत्तेवर परिणाम : स्तरण झालेल्या जलाशयात तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध राहत नाही. ३०° से. च्या पाण्यात मुळातच दर लिटरला सुमारे ७·५ मिग्रॅ. एवढाच ऑक्सिजन विरघळू शकतो, २०° से. ला हे प्रमाण सुमारे ९ मिग्रॅ. असते. तळावरील पालापाचोळा, बुडालेली झुडपे व गाळातील सेंद्रिय द्रव्य यांचे कुजणे उष्णतेमुळे जलद होते व असलेला ऑक्सिजन लवकर संपतो. नंतर गाळातील लोह व मँगॅनीज विरघळू लागतात, अमोनिया साठतो व हायड्रोजन सल्फाइडामुळे पाण्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. असे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात आले, तर क्लोरीन अधिक लागतो, पाण्यास रंग येतो व नळाच्या पाण्याविषयी तक्रारी वाढतात. म्हणूनच जॅकवेलमध्ये वेगवेगळ्या उंचीवर दरवाजे ठेवून ऋतुमानाप्रमाणे योग्य थरातील पाणी घेण्याची सोय करणे इष्ट असते. शुद्धीकरण केंद्रात प्रारंभीच पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी पाडतात, त्याचाही एक हेतू हे वायू घालवून ऑक्सिजन मिसळावा हा असतो.

लातूर शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः मांजरा धरणावर अवलंबून आहे. हे धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील धनेगाव येथे असून त्याचा एकूण साठा सुमारे २२४ द.ल.घ.मी. आहे, त्यांपैकी सुमारे ४७ द.ल.घ.मी. मृत साठा होय. धरणांच्या हिशेबात मृत साठा म्हणजे सर्वांत खालच्या विमोचकाच्या पातळीखालील पाणी. ते गाळासाठी राखलेले असते, पिण्यासाठी नव्हे. २०१५-१६ च्या अवर्षणात उपयुक्त साठा संपल्यावर लातूरला या मृत साठ्यावर विसंबावे लागले व पुढे तोही आटला. साठा असा उतरत जातो तेव्हा पाण्याच्या गुणवत्तेच्या अडचणीचे स्वरूपही बदलते. जलाशय भरलेला व खोल असताना धोका स्तरणाचा, म्हणजे तळाच्या ऑक्सिजनहीन पाण्याचा असतो. पाणी काही मीटरच उरले की स्तरण टिकत नाही. रोजच्या अभिसरणाने व वाऱ्याने गाळ ढवळला जातो, सगळेच पाणी तापते, शैवाल वाढते आणि थोडे उरलेले पाणी शुद्ध करणे अधिक कठीण व खर्चाचे होते. पाणी कमी होणे व पाणी वाईट होणे या दोन आपत्ती अशा एकाच वेळी येतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीस वेगळाच प्रकार घडतो. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी जलाशयातील पाण्यापेक्षा थंड व काळ्या मातीने गढूळ असते. दर लिटरमध्ये एक ग्रॅम गाळ असल्यास घनता सुमारे ०·६ किग्रॅ./घ.मी. ने वाढते, ३०° से. च्या आसपास दोन अंशांनी थंड होण्याइतका हा फरक आहे. थंडपणा व गढूळपणा असे दोन्ही एकत्र आल्याने हे पाणी पृष्ठभागावर न पसरता बुडी मारते व तळालगत भिंतीच्या दिशेने वाहत जाते. अशा प्रवाहास घनताप्रवाह म्हणतात. वरचे पाणी स्वच्छ दिसत असतानाच खालच्या विमोचकातून गढूळ पाणी येऊ लागणे हे त्याचे लक्षण होय. या प्रवाहाने तळाचे शिळे पाणी उचलले जाऊन वर येते. मृगाच्या पावसात तळ्यातील मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकू लागतात किंवा मरून तरंगतात हे मच्छीमारांच्या परिचयाचे आहे. गढूळपणा, शेतांतून वाहून आलेली द्रव्ये इ. कारणांबरोबरच तळाचे ऑक्सिजनहीन पाणी वर येणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

बाष्पीभवन कमी करण्यासाठी पृष्ठभागावर सेटील अल्कोहॉलासारख्या द्रव्यांचा पातळ तवंग पसरण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. बाष्पीभवन रोखले की त्यामुळे होणारे शीतनही थांबते, पृष्ठभाग अधिक तापतो व रात्रीची मिसळण मंदावते. पाणी वाचविण्याच्या उपायाचा हा परिणाम हिशेबात धरावा लागतो.

विहिरी, रांजण व सौर जलतापक : मराठवाड्यातील जुने आड व बारवा अरुंद, खोल व वाऱ्यापासून सुरक्षित असल्याने त्यांत स्तरण सहज होते. उन्हाळ्यात विहिरीत पोहणाऱ्यास वर कोमट व कमरेखाली एकदम गार पाणी लागते ते यामुळे. पोहरा खोल सोडून पाणी काढण्याची जुनी रीत या दृष्टीने योग्यच होती. हिवाळ्यात हाच क्रम उलगडतो. भूजलाचे तापमान स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास राहते. पहाटेच्या गार हवेत वरचे पाणी थंड होऊन बुडते व खालचे उबदार पाणी त्याची जागा घेते. म्हणून माघातल्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात व पाणी कोमट लागते. वापरात नसलेल्या विहिरीचे तळातील पाणी एकाएकी ढवळल्यास त्यात विरघळलेले विषारी वायू मोकळे होतात; गाळ काढण्यासाठी उतरण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक असते.

रांजण किंवा माठ यांच्या सच्छिद्र बाजूंवरून पाण्याचे बाष्पीभवन होते. बाजूंलगत थंड झालेले पाणी जड होऊन तळाशी जाते व मधले तुलनेने उष्ण पाणी वर येऊन बाजूंकडे सरकते. हे अभिसरण आपोआप चालत राहते व सर्वांत थंड पाणी तळाशी साठते. तोटी तळाजवळ बसविलेल्या माठातून अधिक गार पाणी मिळते, ते यामुळेच; वरून तांब्या बुडविणाऱ्याच्या वाट्यास सर्वांत कमी गार पाणी येते.

पेल्यातील पाण्यात बर्फाचा खडा टाकल्यास त्यापासून सुटणारे ०° से. चे पाणी भोवतालच्या २५° ते ३०° से. च्या पाण्याहून जड असल्याने रेघोट्यांच्या रूपाने खाली उतरताना दिसते. रसवंतीवरील उसाच्या रसात असे होत नाही. विरघळलेल्या साखरेमुळे रस पाण्याहून बराच जड असतो, म्हणून वितळलेले पाणी वर तरंगत राहते आणि न ढवळता प्यायल्यास पहिले घोट पाणचट लागतात.

नांदेड व लातूर येथील घरांच्या गच्च्यांवर दिसणारे साधे सौर जलतापकही घनतेच्या फरकावरच चालतात. त्यांत पंप नसतो. तापलेल्या नळ्यांतील पाणी ६०° से. व टाकीतील पाणी २५° से. असल्यास त्यांच्या घनतांत १३·८५ किग्रॅ./घ.मी. एवढा फरक असतो. एक मीटर उंचीच्या स्तंभात यामुळे मिळणारा दाब केवळ १·४ सेंमी. उंचीच्या पाण्याएवढा असतो. तो क्षुल्लक वाटला तरी सतत मिळत असल्याने दिवसभर पाणी फिरत राहते. मात्र नळ्यांत क्षार साचून त्या अरुंद झाल्या, तर एवढ्या अल्प दाबाचे काही चालत नाही. कूपनलिकांच्या कठीण पाण्यावर चालणारे जलतापक काही वर्षांत मंदावतात ते बहुधा यामुळे. टाकी नळ्यांच्या वर ठेवणेही आवश्यक असते, अन्यथा रात्री हे अभिसरण उलट दिशेने होऊन साठलेली उष्णता आकाशाकडे निघून जाते.

घनफळाचे मापन : पाण्याचा व्यवहार लिटरमध्ये होतो, पण वाहतुकीत भार मोजावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पुरविण्यास सुरुवात झाली. मिरजेहून निघालेली दहा टाकी-वाघिणींची पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. प्रत्येक वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. २५° से. ला भरलेले एवढे पाणी वाटेत ३५° से. पर्यंत तापले, तर त्याचे घनफळ ०·३ टक्क्यांनी म्हणजे सुमारे ७,५०० लिटरने वाढेल. वजन मात्र तेवढेच राहील. म्हणून कोणत्याही द्रवाची टाकी काठोकाठ भरीत नाहीत. गळती व सांडलवंड यांपुढे हा फरक अर्थातच किरकोळ ठरतो.

धरणाच्या पातळीबाबतही असेच म्हणता येईल. दहा मीटर खोल पाणी २०° से. पासून ३०° से. पर्यंत सर्वत्र तापले, तर पातळी सुमारे २·६ सेंमी. ने वाढेल. मराठवाड्यात मे महिन्यात दिवसाला एक सेंमी. च्या आसपास पाणी वाफ होऊन उडते. त्यामुळे संपूर्ण उन्हाळ्यातील प्रसरणाने मिळणारी ही वाढ तीन दिवसांच्या बाष्पीभवनातच नाहीशी होते व पातळीच्या नोंदींत ती कधीही दिसून येत नाही.